सिलिकेट खनिजांची स्फटिकरचना आणि क्ष-किरण विवर्तन: आलेखातून काय कळते, काय कळत नाही

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका रूपांतरित खडकाची पूड करून तिचा क्ष-किरण विवर्तन आलेख (पुडीतून विखुरलेल्या क्ष-किरणांची तीव्रता कोनागणिक दाखवणारा) घेतला, सॉफ्टवेअरने तो डेटाबेसशी जुळवून क्वार्ट्झ, पोटॅश फेल्स्पार, अभ्रक आणि क्लोराइट अशी चार नावे दिली. आता प्रबंधात ‘या सिलिकेट खनिजांच्या स्फटिकरचनेचा अभ्यास केला’ असे लिहिता येईल का, आणि येत नसेल तर याच नमुन्यावर आणखी काय करावे लागेल?

तसे लिहिता येणार नाही. आपण केली ती खनिजांची ओळख. डेटाबेसमधल्या नोंदींमागे पूर्वी कुणीतरी सोडवलेल्या रचना असतात, आणि आपला आलेख त्या रचनांशी विसंगत नाही एवढेच जुळणीतून सिद्ध होते. ओळखीला कमी लेखण्याचे कारण नाही, कारण भूशास्त्रातील पुष्कळ प्रश्न तेवढ्यावर सुटतात. पण रचनेचा अभ्यास म्हटले की कोणता अणू कुठे बसला आहे, बंधांच्या लांबी किती आहेत, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन यांनी आपापल्या जागा कशा वाटून घेतल्या आहेत आणि थर एकमेकांवर कसे रचले गेले आहेत, यांपैकी निदान एका प्रश्नाचे उत्तर आपल्या स्वतःच्या मोजमापातून आले पाहिजे. यातील प्रत्येक प्रश्नाला नमुन्याची वेगळी तयारी लागते आणि प्रत्येक उत्तराची मर्यादाही वेगळी असते. आधी प्रश्न ठरवावा, मग यंत्राकडे जावे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा याच्या उलट घडते.

आलेखात दोन प्रकारची माहिती असते आणि ती वेगवेगळी वाचावी लागते. शिखरे कोणत्या कोनांवर आली यावरून ब्रॅगच्या नियमाने (तरंगलांबी, कोन आणि अंतर यांना जोडणाऱ्या सूत्राने) अणूंच्या समांतर प्रतलांमधील अंतरे मिळतात आणि त्या अंतरांवरून एकक कोशिकेची, म्हणजे तिन्ही दिशांना पुन्हा पुन्हा येणाऱ्या लहानात लहान ठोकळ्याची, मापे आणि सममिती कळते. त्या ठोकळ्याच्या आत कोणता अणू कुठे आहे ही माहिती मात्र शिखरांच्या तीव्रतेत असते. माक्स फॉन लाउए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१२ मध्ये स्फटिकातून क्ष-किरणांचे विवर्तन दाखवले आणि ब्रॅग पिता-पुत्रांनी लगेच पुढच्या वर्षी मिठासारख्या साध्या रचना सोडवल्या. सिलिकेटांपर्यंत पोहोचायला त्यानंतर जवळजवळ एक तप जावे लागले, कारण त्यांच्या एकक कोशिका मोठ्या, सममिती कमी आणि अणूंच्या जागा ठरवणारे अज्ञात आकडे पुष्कळ.

कोशिकेची मापे नुसती वाचता आली तरी सिलिकेटांत किती हाती लागते, हे एका उदाहरणाने सांगतो. सर्व नेहमीच्या सिलिकेटांत एक सिलिकॉन चार ऑक्सिजनांच्या मध्यभागी असतो. सिलिकॉन ते ऑक्सिजन हे अंतर सुमारे १.६२ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) असते आणि चार ऑक्सिजनांच्या या चतुष्फलकाची कड साधारण २.६ ते २.७ अँगस्ट्रॉम भरते. आता डायॉप्साइड या पायरॉक्सिन गटातील खनिजाची कोशिका आणि तिच्या तीन कडा पाहा: ए ९.७५, बी ८.९३ आणि सी ५.२५ अँगस्ट्रॉम. सी हे माप जवळजवळ दोन कडांइतके आहे. चतुष्फलक कोपऱ्याला कोपरा जोडून एका साखळीत उभे आहेत आणि दर दोन चतुष्फलकांनंतर साखळी स्वतःची पुनरावृत्ती करते, हे त्या एका आकड्यात दिसते. वॉरन आणि ब्रॅग यांनी १९२८ मध्ये डायॉप्साइडची रचना सोडवली तेव्हा ही साखळी प्रथमच स्पष्ट झाली. ट्रेमोलाइट या अँफिबोल गटातील खनिजाची मापे त्याच्या शेजारी ठेवली, तर ए ९.८४ आणि सी ५.२८ ही जवळपास तीच निघतात, पण बी मात्र १८.०५, म्हणजे डायॉप्साइडच्या दुप्पट. दोन साखळ्या शेजारी शेजारी जोडल्या गेल्या की नेमके हेच व्हायला हवे, आणि वॉरन यांनी पुढे अँफिबोलची दुहेरी साखळी याच साम्याचा धागा धरून मांडली. वोलास्टोनाइटमध्ये साखळीच्या दिशेने ७.३ अँगस्ट्रॉमला पुनरावृत्ती होते, कारण तिथे आवर्तन तीन चतुष्फलकांचे आहे. साखळी वाकडी असल्यामुळे ते तीन कडांपेक्षा थोडे कमी भरते. म्हणून आलेखाची अनुक्रमणी झाली, म्हणजे प्रत्येक शिखराला त्याचे निर्देशांक मिळाले, की लगेच पुढे न धावता कोशिकेच्या मापांकडे थोडा वेळ पाहावे असे मी नेहमी सांगतो.

मापांतला बारीक फरकही बोलका असतो. ऑलिव्हीनमध्ये मॅग्नेशियमच्या जागी लोह येत गेले की (१३०) या प्रतलांमधील अंतर सुमारे २.७७ पासून २.८३ अँगस्ट्रॉमपर्यंत वाढत जाते, आणि ते नीट मोजले तर खनिजातील दोन्हींच्या प्रमाणाचा चांगला अंदाज येतो. अट एवढीच की यंत्राची शून्यचूक आणि नमुन्याची उंची यांचा हिशेब झाला पाहिजे. पुडीचा पृष्ठभाग धारकाच्या कडेपेक्षा किंचित वर किंवा खाली राहिला तर सगळी शिखरे सरकतात आणि ते सरकणे रासायनिक बदलासारखेच दिसते. नमुन्यात क्वार्ट्झ असेल तर तोच अंतर्गत मानक, म्हणजे नमुन्यातच असलेला माहीत मापांचा संदर्भ, म्हणून वापरावा, कारण त्याच्या रचनेत परकीय अणूंना फारसा वाव नसल्याने त्याची मापे नमुन्यानमुन्यांत जवळजवळ बदलत नाहीत. तांब्याच्या नळीच्या किरणांत, म्हणजे १.५४०६ अँगस्ट्रॉम तरंगलांबीला, क्वार्ट्झचे सर्वांत उंच शिखर टू-थीटा (आलेखाच्या आडव्या अक्षावरील कोन) २६.६४ अंशांवर आणि दुसरे २०.८६ अंशांवर आलेच पाहिजे. ६७.७ ते ६८.४ अंशांच्या दरम्यान पाच बोटांसारखा शिखरांचा झुपका दिसतो. तिथे तीन विवर्तने आहेत आणि प्रत्येक विवर्तन नळीतून येणाऱ्या दोन निकटच्या तरंगलांब्यांमुळे दुभंगलेले असते. त्या सहांपैकी दोन रेषा एकमेकींवर पडतात, म्हणून पाच उरतात. ही पाच बोटे सुटी दिसत नसतील तर यंत्राची जुळणी, मोजणीचा वेग किंवा पुडीची अवस्था यांपैकी काहीतरी बिघडले आहे असे समजावे आणि बाकीच्या आलेखावर वेळ घालवू नये.

आता तीव्रता. शोधकापर्यंत विवर्तित लहरींची तीव्रता पोहोचते, पण त्यांची कला, म्हणजे लहर कोणत्या टप्प्यावर आहे ती माहिती, हरवते, आणि कलेशिवाय इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशा काढता येत नाही. १९२० च्या दशकात ही अडचण भौमितिक युक्तिवादाने ओलांडली गेली. ऑक्सिजन अणू मोठे, ते शक्य तितके दाटीने बसणार आणि सिलिकॉनभोवती चारच असणार, हे गृहीत धरून प्रतिकृती उभी करायची आणि तिच्यावरून काढलेली तीव्रता मोजलेल्या तीव्रतेशी ताडून पाहायची. बेरिलमधील सहा चतुष्फलकांची कडी १९२६ मध्ये अशीच उलगडली. लायनस पॉलिंग यांनी १९२९ मध्ये मांडलेले नियम याच अनुभवाला सूत्रात बांधतात, आणि अभ्रकाची रचना त्यांनी लगेच १९३० मध्ये त्या दृष्टीने मांडून दाखवली. आज एकस्फटिक विवर्तनात हे काम संगणकीय पद्धती काही सेकंदांत करतात. साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरचा स्वच्छ, जुळा नसलेला कण, मॉलिब्डेनमची नळी, आणि ०.७ अँगस्ट्रॉमपर्यंतची मोजमापे एवढे असेल तर नेहमीच्या सिलिकेटाची रचना एका दिवसात सुटते आणि अवशेष गुणांक (मोजलेल्या आणि रचनेवरून काढलेल्या मूल्यांतील तफावत) दोन-चार टक्क्यांवर येतो. आपल्या खडकातून द्विनेत्री सूक्ष्मदर्शकाखाली असा कण निवडता येत असेल तर पुडीपेक्षा तोच मार्ग धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र अवशेष गुणांक लहान आला म्हणून रचना बरोबर ठरत नाही. बंधलांबी तपासावी. सिलिकॉन ते ऑक्सिजन सरासरी १.६२ पासून बरीच दूर असेल, किंवा सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन कोन बरोबर १८० अंश निघाला असेल, तर संशय घ्यावा. उच्च तापमानाच्या क्रिस्टोबलाइटचे उदाहरण प्रसिद्ध आहे. आदर्श घन सममितीत बसवला की त्यात कोन १८० अंशांचा आणि बंध सुमारे १.५५ अँगस्ट्रॉमचा दिसतो. तो बंध खरोखर तेवढा आखूड नसतो. ऑक्सिजन सरळ रेषेच्या बाजूला अनेक जागांमध्ये वाटलेला असतो आणि विवर्तन आपल्याला त्या सर्व जागांची सरासरी दाखवते.

सिलिकेटांत सर्वांत नाजूक प्रश्न ॲल्युमिनियमचा आहे, आणि आपल्या पोटॅश फेल्स्पारच्या बाबतीत तो टाळता येणार नाही. क्ष-किरण इलेक्ट्रॉनांवरून विखुरतात. सिलिकॉनचे इलेक्ट्रॉन चौदा, ॲल्युमिनियमचे तेरा, आणि दोन्हींच्या आयनांत तर दहा-दहाच. त्यामुळे एखाद्या चतुष्फलकाच्या मध्यभागी यांपैकी कोण बसले आहे, हे इलेक्ट्रॉन घनतेवरून थेट सांगणे जवळपास अशक्य असते. सॉफ्टवेअरला त्या जागेचे प्रमाण मोकळे सोडले तर ते आकडा देईल, त्रुटीची मर्यादाही देईल, पण त्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. उत्तर बंधलांबीतून काढावे लागते. चतुष्फलकात फक्त सिलिकॉन असेल तर सरासरी बंध सुमारे १.६१ आणि फक्त ॲल्युमिनियम असेल तर सुमारे १.७४ अँगस्ट्रॉम; त्यामधला प्रवास जवळजवळ सरळ रेषेत होतो. म्हणजे ॲल्युमिनियमच्या प्रत्येक दहा टक्क्यांमागे बंध जेमतेम ०.०१३ अँगस्ट्रॉमने लांबतो. हा फरक पकडण्यासाठी बंधलांबी दशांशाच्या तिसऱ्या स्थानापर्यंत भरवशाची हवी. ती एकस्फटिकातून मिळते, चार खनिजांच्या मिश्रणाच्या पुडीतून मिळत नाही.

फेल्स्पारमध्ये हे वाटप म्हणजे थंड होण्याचा इतिहासच असतो. उच्च तापमानाला स्थिर असलेल्या आणि झटकन थंड झालेल्या सॅनिडिन या पोटॅश फेल्स्पारमध्ये ॲल्युमिनियम सर्व चतुष्फलकांत विखुरलेला असतो, प्रत्येक जागी सुमारे एक चतुर्थांश, आणि सगळे बंध सरासरी १.६४ च्या आसपास येतात. सावकाश थंड झालेल्या मायक्रोक्लिनमध्ये तो चारपैकी एकाच जागी गोळा होतो, त्यामुळे एकनताक्ष (मोनोक्लिनिक) सममिती मोडून तिच्याहून कमी अशी त्रिनताक्ष (ट्रायक्लिनिक) होते. इथे पुडीचा आलेखही उपयोगी पडतो. टू-थीटा ३० अंशांच्या आसपास सॅनिडिनचे जे एकच (१३१) शिखर असते, ते मायक्रोक्लिनमध्ये दुभंगते. गोल्डस्मिथ आणि लाव्हेस यांनी १९५४ मध्ये या दोन शिखरांच्या प्रतलांतरांतील फरकाला १२.५ ने गुणून त्रिनताक्षतेचे माप सुचवले. ते एकनताक्ष फेल्स्पारला शून्य आणि पूर्ण सुव्यवस्थित मायक्रोक्लिनला एक येते. मात्र हे माप फक्त एकनताक्ष सममितीपासून झालेली फारकत मोजते. सममिती न मोडता ॲल्युमिनियम एका प्रकारच्या जागांकडून दुसऱ्या प्रकारच्या जागांकडे सरकला असेल, जसे ऑर्थोक्लेज या मधल्या अवस्थेतील पोटॅश फेल्स्पारमध्ये होते, तर त्याला ते दिसत नाही. त्यासाठी कोशिकेची बी आणि सी ही मापे अचूक काढून ती एकमेकांसमोर मांडावी लागतात. न्यूट्रॉन विवर्तनात सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम यांच्यातील भेद अधिक ठळक असतो, आणि घनअवस्थेतील चुंबकीय अनुस्पंदनातून (एनएमआर) सिलिकॉनच्या शेजारी किती ॲल्युमिनियम आहेत ते मोजता येते. त्या सोयी सहज उपलब्ध असतील तर अवश्य वापराव्यात.

हायड्रोजनबद्दल थोडक्यात. त्याचा एकुलता इलेक्ट्रॉन बंधाकडे ओढला गेलेला असल्याने क्ष-किरणांना तो मुश्किलीने दिसतो आणि ऑक्सिजनच्या वाजवीपेक्षा जवळ दिसतो. अभ्रक किंवा अँफिबोलमधील हायड्रॉक्सिल ओळखायचा असेल तर प्रत्येक ऑक्सिजनवर येणाऱ्या बंधबलांची बेरीज करावी: ती दोनच्या जवळ असेल तर साधा ऑक्सिजन, एकच्या जवळ असेल तर हायड्रॉक्सिल किंवा त्याच्या जागी आलेले फ्लोरिन.

अभ्रक आणि क्लोराइट यांच्याकडे वळू. थरांच्या सिलिकेटांत पुडीची तयारी हाच अर्धा प्रयोग असतो. त्यांचे कण चपटे असतात आणि धारकात दाबून भरले की सगळे आडवे पडतात. मग थरांना समांतर प्रतलांची शिखरे अवाजवी उंच होतात आणि बाकीची बुडून जातात. अशा आलेखातील तीव्रतेवरून प्रमाणे काढली तर अभ्रक प्रत्यक्षापेक्षा कितीतरी जास्त भरते. पूड दहा मायक्रॉनच्या खाली, शक्यतो द्रवाखाली दळलेली असावी. कोरडी आणि फार वेळ दळली तर थरांची रचनाच मोडू लागते. धारक मागून किंवा बाजूने भरावा, वरून काचेने दाबून गुळगुळीत करू नये. सॉफ्टवेअरमध्ये या ओरिएंटेशनसाठी, म्हणजे कण एकाच दिशेने बसण्यासाठी, दुरुस्ती असते, पण ती थोड्याफार दोषासाठी आहे.

गंमत अशी की हाच दोष चिकणमातीच्या खनिजांच्या ओळखीत मुद्दाम निर्माण केला जातो. दोन मायक्रॉनपेक्षा बारीक भाग पाण्यात निवळून काचेवर सुकू दिला की सर्व थर काचेला समांतर बसतात आणि थरांमधले अंतर स्वच्छ वाचता येते: इलाइट किंवा अभ्रक १० अँगस्ट्रॉम, केओलिनाइट ७.१५, क्लोराइट १४.२, आणि स्मेक्टाइट थरांमधील आयन आणि हवेतील आर्द्रता यांनुसार साधारण १२ ते १५. हाच नमुना इथिलीन ग्लायकॉलच्या वाफेत ठेवला तर स्मेक्टाइट सुमारे १७ पर्यंत फुगते, क्लोराइट जागचे हलत नाही. नंतर ५५० अंश सेल्सियसला तापवला की स्मेक्टाइट १० वर मिटते, केओलिनाइटची शिखरे नाहीशी होतात आणि क्लोराइटचे १४ चे शिखर उलट बळावते. थरांच्या आतील अष्टफलकांत, म्हणजे सहा ऑक्सिजनांनी वेढलेल्या धातूंच्या जागांत, तीनपैकी दोन जागा भरल्या आहेत की तिन्ही, हे (०६०) शिखर सांगते: दोन भरल्या असतील तर ते १.४९ ते १.५० अँगस्ट्रॉमला आणि तिन्ही भरल्या असतील तर १.५३ ते १.५५ ला येते. यासाठी मात्र ओरिएंटेशन नसलेली पूडच हवी, आणि क्वार्ट्झचे १.५४ चे शिखर नेमके त्याच ठिकाणी येते, हे आपल्या नमुन्यात विसरून चालणार नाही.

लोहाविषयी एक व्यावहारिक सूचना. तांब्याच्या नळीच्या किरणांनी लोहाचे अणू स्वतःच प्रकाशू लागतात, पार्श्वभूमी उचलली जाते आणि लहान शिखरे तिच्यात हरवतात. लोहयुक्त क्लोराइट, बायोटाइट किंवा पायरॉक्सिनसाठी कोबाल्टची नळी बरी. ती नसेल तर विवर्तित शलाकेत मोनोक्रोमेटर (एकच तरंगलांबी पुढे जाऊ देणारा घटक) किंवा ऊर्जा निवडणारा शोधक वापरावा. मंगळावरील क्युरिऑसिटी यानावर जो विवर्तनमापक आहे, त्यातही कोबाल्टचीच नळी आहे. त्याने तपासलेल्या पहिल्याच मातीत प्लॅजिओक्लेज, ऑलिव्हीन आणि पायरॉक्सिन यांच्याबरोबर बराच अस्फटिकी भाग आढळला, जो आलेखात शिखरांऐवजी रुंद उंचवटा म्हणून दिसतो. अंतर्गत मानक न घालता काढलेली टक्केवारी असा उंचवटा जमेस धरत नाही. ती फक्त स्फटिकी भागाची वाटणी असते. आपल्या खडकात काच असण्याची शक्यता कमी आहे, तरी २० ते ३५ अंशांमध्ये पार्श्वभूमी सपाट आहे ना ते पाहावे.

एकस्फटिक मिळतच नसेल तर रिटवेल्ड पद्धतीने पूर्ण आलेखाचे परिष्करण करावे, म्हणजे रचनेवरून काढलेला आलेख मोजलेल्या आलेखाशी जुळेपर्यंत चल बदलत जावे. हुगो रिटवेल्ड यांनी १९६९ मध्ये ती न्यूट्रॉनच्या आलेखांसाठी सविस्तर मांडली आणि नंतर ती क्ष-किरणांसाठीही रूढ झाली. या पद्धतीचा धोका तिच्या लवचिकपणात आहे. पुरेसे चल मोकळे सोडले की कोणतीही वक्ररेषा जवळ येते. आपल्यासारख्या मिश्रणात पार्श्वभूमी, शून्यचूक, चारही खनिजांचे प्रमाण, कोशिकेची मापे, शिखरांची रुंदी आणि थरांच्या दोन खनिजांचे ओरिएंटेशन एवढेच मोकळे ठेवावे. अणूंच्या जागा, कंपने आणि ॲल्युमिनियमचे वाटप प्रकाशित रचनांवरून जसेच्या तसे घ्यावे आणि तसे स्पष्ट लिहावे. जुळणीचा आकडा किती खाली आला यापेक्षा मोजलेल्या आणि काढलेल्या आलेखांतील फरकाची रेषा प्रत्येक मोठ्या शिखराखाली कशी दिसते, हे परीक्षकाला दाखवावे.

आपल्या नमुन्यापुरते सांगायचे तर प्रकरणाचे शीर्षक ‘खनिजांची ओळख, कोशिकामापे आणि पोटॅश फेल्स्पारची संरचनात्मक अवस्था’ असे ठेवता येईल, आणि तेवढे काम आहे त्याच यंत्रावर होईल: क्वार्ट्झ मानक धरून २५ ते ३२ अंशांचा पट्टा सावकाश मोजणे, (१३१) दुभंगले आहे का ते पाहणे, आणि फेल्स्पारची बी व सी मापे काढणे. क्लोराइटचे नाव मात्र सध्या कच्चे समजावे. सॉफ्टवेअरने ते बहुधा ७ अँगस्ट्रॉमच्या शिखरावरून दिले असेल, आणि केओलिनाइटचे पहिले शिखर तिथेच येते. दोन्हींतला भेद पुढच्या शिखरात आहे: केओलिनाइटचे ३.५८ अँगस्ट्रॉमला, म्हणजे २४.९ अंशांच्या आसपास, आणि क्लोराइटचे ३.५४ ला, म्हणजे २५.१ च्या आसपास. तिथे सुटी दोन शिखरे दिसली तर दोन्ही खनिजे आहेत; एकच दिसले तर ते कोणत्या बाजूचे आहे ते २६.६४ च्या क्वार्ट्झवरून ठरवावे आणि ६.२ अंशांवर १४ चे शिखर आहे की नाही ते पाहावे. ते अगदी दुबळे असेल आणि ७ व ३.५४ ची शिखरे जोरकस असतील, तर क्लोराइट लोहसमृद्ध असण्याचा संभव आहे, कारण लोह वाढले की क्लोराइटची विषम क्रमांकाची शिखरे (१४ चे पहिले) सम क्रमांकाच्या (७ चे दुसरे, ३.५४ चे चौथे) तुलनेत मंदावतात. अशा वेळी तांब्याच्या नळीवर घेतलेला आलेख बाजूला ठेवून तोच नमुना कोबाल्टवर पुन्हा मोजावा.